पासपोर्ट आहे, पण देश बंद आहे



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तोच आमच्या वस्तीतल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा दारात येऊन उभे राहिले. बाई कामणच्या एका गाळ्यात पॅकिंगचे काम करतात. मुलगा २३ वर्षांचा, नववीत शाळा सुटलेली. दुसऱ्या एका गाळ्यात वेल्डरच्या हाताखाली चार वर्षे राबून आता स्वतः वेल्डिंग करतो. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नवा कोरा पासपोर्ट, व्हिसाची झेरॉक्स आणि एक इंग्रजी पत्र. बाई म्हणाल्या, "भाऊ, तेवढं वाचून सांगा काय लिहिलंय. पोरगं दुबईला चाललंय."

आपल्या माणसांना आखातातला कोणताही देश दुबईच वाटतो, त्यात त्या बाईंचा काही दोष नाही. पण व्हिसा दुबईचा नव्हता, ओमानचा होता; आणि तोही नोकरीचा नव्हता, फिरायला जाणाऱ्या माणसाला मिळतो तो व्हिजिट व्हिसा होता. पत्रात पगार दरमहा ५५ हजार रुपये लिहिला होता, राहणे-खाणे कंपनीचे, आणि कामाचे ठिकाण 'अल महरा'. खाली सही होती, शिक्का होता, पण कंपनीचा पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता.

मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. वकील नाही. पण पंचवीस वर्षे कागद चाळून एक सवय लागली आहे की पत्रातली रक्कम शेवटी वाचायची आणि पत्ता आधी वाचायचा. मी मुलाला विचारले, "हे अल महरा कुठं आलं?" तो म्हणाला, "काका, मस्कतच्या बाजूला. एजंट बोलला, गाडीनं नेतात." मी माझ्या मुलीचा शाळेचा नकाशासंग्रह काढला. त्यात अल महरा काही सापडेना, म्हणून तिनेच मोबाईलवर शोधून दिले. ओमानच्या सलाला शहरापासून पश्चिमेला गेले की सरहद्द लागते, आणि सरहद्दीपलीकडे जो प्रांत सुरू होतो त्याचे नाव अल महरा. तो येमेनमध्ये आहे.

येमेन! जिथे जायला भारताच्या पासपोर्टवर बंदी आहे तो देश.

एजंटशी एकूण १ लाख ४० हजारांचा सौदा ठरला होता. त्यातले ४० हजार बाईंनी देऊनही टाकले होते. २५ हजार बचत गटाचे कर्ज आणि बाकीचे कानातले गहाण ठेवून. पावती विचारली तर पावती नाही. "ओळखीचा माणूस आहे भाऊ," असे त्या म्हणाल्या. बंधूंनो, फसवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. अनोळखी माणसाला कोण पैसे देतो?

त्या दिवसानंतर मी या विषयाचे जे वाचून काढले आणि जाणत्यांना विचारून समजून घेतले, ते आज या सदरात मांडतो. आपल्या वस्त्यांमधून वेल्डर, फिटर, प्लंबर, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या भगिनी परदेशी जात आहेत, पुढेही जातील. जाऊ नये असे मी म्हणणार नाही. माझे चुलते कुवेतला होते. त्यांच्या पैशांवरच आमच्या घराची कौले जाऊन स्लॅब पडला. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर स्वारी केली आणि ते अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने एका पिशवीसह मुंबईला उतरले. त्या वेळी सरकारने पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणले. चुलते मरेपर्यंत सांगत, की पासपोर्ट होता आणि यादीत नाव होते म्हणून नंबर लागला.

तर आधी पासपोर्ट ही काय चीज आहे ते पाहू. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे-न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. त्या साली एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो आणि कायदा केल्याशिवाय सरकारला तो अडवता येणार नाही. म्हणून त्याच वर्षी घाईने पासपोर्ट कायदा झाला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट 'जनहिता'च्या नावाखाली जप्त झाला, आणि १९७८ च्या जानेवारीत न्यायालयाने म्हटले की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली रीत न्यायाची हवी, माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ज्या घटनेला आकार दिला तिच्यातले हे कलम. त्याच्याच आधाराने गाळ्यात काम करणाऱ्या मुलालाही उद्या विमानात बसायचा हक्क आहे. मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या कारणासाठी तो हक्क आवरता येतो, आणि ती कारणे याच १९६७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये आहेत.

कलम १९ सोप्या भाषेत असे. एखादा देश भारतावर आक्रमण करत असेल, किंवा आक्रमण करणाऱ्याला मदत करत असेल, किंवा त्या देशात सशस्त्र लढाई चालू असेल, किंवा तिथे आपली माणसे गेल्याने भारताच्या परराष्ट्र व्यवहाराला मोठी बाधा येणार असेल, तर केंद्र सरकार तशी अधिसूचना काढू शकते. अधिसूचना निघाली की त्या देशात जाण्यापुरता आणि त्या देशातून पुढे जाण्यापुरता तुमचा पासपोर्ट बाद होतो. इतर देशांसाठी तो चालूच राहतो. बंदी असलेल्या देशात जायचे असेल तर सरकारकडून पासपोर्टवर खास नोंद करून घ्यावी लागते. 'त्या देशाने व्हिसा दिला आहे' ही सबब चालत नाही, कारण व्हिसा परक्या सरकारचा असतो आणि पासपोर्ट आपल्या.

अशी बंदी नेहमी लढाईमुळेच येते असेही नाही. ज्यांच्या घरी चाळीस वर्षांपूर्वीचा पासपोर्ट असेल त्यांनी काढून पाहावा. दक्षिण आफ्रिका वगळून सर्व देशांसाठी वैध, अशा अर्थाचे शब्द त्यावर दिसतील. माझ्या चुलत्यांच्या पासपोर्टवर ते मी लहानपणी पाहिले होते, आणि वाटले होते की तिथे वाघ-सिंह असतील म्हणून मनाई असेल. खरे कारण तिथला वर्णभेद. काळ्या माणसाला बाकावर बसू न देणाऱ्या राजवटीशी भारताने १९४६ पासून व्यापार तोडला होता. १९९३ मध्ये ती राजवट जात असताना संबंध पुन्हा जुळले.

येमेनचे कारण मात्र सरळ सरळ लढाई. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथून 'ऑपरेशन राहत'मध्ये साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना जहाजाने आणि विमानाने बाहेर काढले. कित्येकजण जिबूतीहून हवाई दलाच्या विमानाने मुंबईला उतरले. त्यानंतर राजधानी साना येथील आपला दूतावास बंद झाला आणि त्याचे काम जिबूतीहून चालू लागले. पण काढलेली माणसे, आणि नवी माणसेही, एजंटांमार्फत पुन्हा जाऊ लागली. तेव्हा २६ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने अधिसूचना काढून येमेनला जाण्यास बंदी केली. ही बंदी २०२५ मध्येही उठलेली नव्हती.

बंदीचा अर्थ काय होतो ते केरळच्या निमिषा प्रिया या परिचारिकेच्या प्रकरणात सगळ्या देशाने पाहिले. ती बंदीच्या कितीतरी आधी, २००८ मध्ये, येमेनला गेली. तिथे एका येमेनी माणसाच्या खुनाच्या आरोपात तिला मृत्युदंड झाला. तिच्या आईला तिला भेटायला जायचे, मृताच्या नातेवाइकांशी बोलायचे, तर पासपोर्ट त्या देशासाठी बाद! घरकाम करून पोट भरणारी ती माउली दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अत्यावश्यक कारणासाठी ठराविक मुदतीची सवलत देता येते, ही बाब तिथे पुढे आली. आपल्या जबाबदारीवर जाईन, भारत सरकारवर भार टाकणार नाही, असे तिच्याकडून लेखी घ्यायला सांगून २०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ती येमेनला पोचली. २०२५ च्या जुलैमध्ये ठरलेली फाशी ऐनवेळी पुढे ढकलली गेली. मरणाच्या दारात असलेल्या लेकीला भेटायला जिथे आईला न्यायालयाची पायरी चढावी लागते, तिथे कामणच्या पोराला एजंट रात्रीच्या गाडीने सरहद्द ओलांडून नेणार होता.

मी हे सगळे त्या मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "काका, बंदी आहे तर तिथं मग काम कसं काय आहे? लोक जातातच की."

प्रश्न रास्त आहे. लोक जातातच. बंदी तोडून गेलेल्याचा पासपोर्ट जप्त होऊ शकतो, खटला होऊ शकतो. पण खरे सांगायचे तर भीती त्याची नाही. भीती ही की असा माणूस कुठल्याच कागदावर नसतो. २०१४ च्या जूनमध्ये इराकच्या मोसुल शहरात बांधकामावरच्या ४० भारतीय मजुरांना इसिसच्या टोळीने धरले. एक जण कसाबसा निसटला. बाकी ३९ जणांच्या घरची माणसे चार वर्षे आशेवर होती. ते सगळे मारले गेले आहेत हे २०१८ च्या २० मार्चला संसदेत सांगण्यात आले. बहुतेक पंजाबचे होते. त्यांचे अवशेष घेऊन त्या वेळचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग अमृतसरला आले, तेव्हा त्यांनी सांगितले की ४० पैकी ३९ जणांची दूतावासात नोंदच नव्हती, ते बेकायदा एजंटांमार्फत गेले होते. बंधूंनो, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. जिवंतपणी ज्यांचे नाव कुठे लिहिले गेले नाही, त्यांची ओळख शेवटी आईबापांच्या रक्ताच्या तपासणीवरून पटवावी लागली.

लिबियाचे उदाहरण थोडे सुखाचे. २०१६ च्या मे महिन्यात सरकारने तिथे जायला संपूर्ण बंदी केली होती, कारण कोणतेही असो. तरी २०२० च्या सप्टेंबरमध्ये घरी परतण्यासाठी विमानतळाकडे निघालेल्या ७ भारतीय कामगारांचे अपहरण झाले. आपला तिथे दूतावास चालू नव्हता. शेजारच्या ट्युनिशियातून खटपट करून महिन्याभराने त्यांची सुटका झाली. सात जण होते, कंपनीने तोंड उघडले, म्हणून. एकट्यादुकट्याचे काय?

आता दुसरी गोष्ट, आणि आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. त्या मुलाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी तीन अक्षरे होती. ही वेगळी भानगड आहे. १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. दहावी पास नसलेला माणूस सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरात, बहरीन, मलेशिया, इराक, लिबिया, जॉर्डन, येमेन अशा १८ ठरलेल्या देशांत नोकरीला जाणार असेल, तर त्याला निघण्याआधी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याचा परवाना लागतो. परवान्याची सरकारी फी २०० रुपये. दहावी पास झालेल्याला, ५० वर्षांवरच्याला, आयकर भरणाऱ्याला तो लागत नाही. म्हणजे कलम १९ ची बंदी डॉक्टर-इंजिनिअर सगळ्यांना सारखी लागू, आणि ईसीआरची अट फक्त कमी शिकलेल्याला. दहावी झाली म्हणून येमेन खुला होत नाही. उलट ईसीआर आहे म्हणून सौदीला जायची मनाई होत नाही, परवाना घेऊन खुशाल जाता येते.

ही अट अपमानाची वाटते खरी. २०१८ च्या जानेवारीत तर परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले होते की ईसीआरवाल्यांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा करणार, बाकीच्यांचा निळाच राहणार. म्हणजे विमानतळावर रांगेत उभा असताना दुरूनच कळावे की हा न शिकलेला! रंगावरून माणसाची पायरी ओळखू येण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. देशभर ओरड झाली आणि महिना संपण्याच्या आत तो बेत मागे घेतला गेला. बरे झाले.

पण रंगाचा राग अटीवर काढू नये. त्या परवान्यामागे तीन गोष्टी येतात. पहिली, नोकरीचा करार आणि पगार लिहून येतो. दुसरी, एजंट नोंदणी केलेला असावा लागतो आणि त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये, वर जीएसटी, एवढेच घेता येतात. (१ लाख ४० हजार कुठे आणि हे कुठे!) तिसरी, प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीने निघते. २ वर्षांचा हप्ता २७५ रुपये, आणि अपघातात मृत्यू वा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपये. वेल्डिंग करणाऱ्याच्या आईला या १० लाखांचा अर्थ मी सांगायला नको.

मग एजंट परवाना का काढत नाही? कारण परवाना काढायचा तर परदेशातला मालक खरा लागतो. पूर्वी ईसीआरवाल्याला नुसते फिरायला जायचे तरी सरकारकडून वेगळी सूट घ्यावी लागे. २००७ पासून नोकरीशिवायच्या प्रवासाला ती अट राहिली नाही. सरकारने गरिबाची सोय केली, आणि एजंटाने तिचा बोगदा केला. व्हिजिट व्हिसावर पाठवायचे, येण्याचे खोटे तिकीट हातात द्यायचे, विमानतळावर विचारले तर 'मामाकडे चाललोय' म्हणायला शिकवायचे. खोटे बोलण्याची जबाबदारी त्या पोरावर, पैसे एजंटाला. भगिनींच्या बाबतीत हे जास्तच चालते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या स्त्रीला ३० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय या देशांत नोकरीचा परवाना मिळत नाही, म्हणून पंचविशीतल्या मुलींना 'फिरायला' पाठवतात आणि तिथे कुणाच्या तरी घरात कोंडून घालतात.

दहावी-बारावी झालेली, कॉम्प्युटर येणारी मुलेही सुरक्षित नाहीत. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेऊन नदीपलीकडे म्यानमारमध्ये उतरवायचे आणि फोनवरून लोकांना लुबाडायला बसवायचे, हा धंदा जोरात आहे. २०२५ च्या मार्चमध्ये थायलंडच्या माए सोतहून हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना आणले. इराणने २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय यायची सवलत दिली होती. नोकरीच्या आमिषाने तिथे नेऊन खंडणीसाठी माणसे कोंडण्याचे प्रकार घडल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलत थांबली.

इथे आणखी एक फरक सांगून टाकतो. टीव्हीवर 'अमुक देशात जाऊ नका' असे परराष्ट्र मंत्रालय सांगते तो बहुतेक वेळा सल्ला असतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानला जाणे टाळा असे सांगितले गेले, तो सल्ला होता. सल्ला मोडला तर गुन्हा होत नाही, पण धोका तुमचा. अधिसूचना मोडली तर धोकाही तुमचा आणि गुन्हाही तुमचा. आणि वस्तीतल्या ज्या महिला मंडळाने लुंबिनीच्या सहलीबद्दल विचारले होते त्यांच्यासाठी : नेपाळला आपल्याला पासपोर्टही लागत नाही, व्हिसाही लागत नाही. निवडणूक ओळखपत्र मात्र प्रत्येकीने मूळ न्यावे. आधार कार्डावर सगळ्यांनी विसंबू नये, ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या मंडळींनाच त्या कामी चालते असा नियम आहे.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो.

मी, बाई आणि वस्तीतले दोघे जाणते असे चौघे एजंटाकडे गेलो. माणूस गोड बोलला, चहा मागवला. मी विचारले, तुमचा नोंदणी क्रमांक? तो म्हणाला, "मी फक्त माणूस जोडून देतो, लायसन्स वरच्या पार्टीचं." वरची पार्टी कोण? तर ते सांगता येणार नाही. मी म्हटले, १९८३ च्या कायद्यात नोंदणीशिवाय भरती करायला २ वर्षांपर्यंत कैद आहे. तो हसला. "आणि दंड २ हजार, माहीत आहे मला." दंडाची रक्कम त्याला माझ्याइतकीच पाठ होती! १९८३ मध्ये २ हजार रुपयांना काही किंमत असेल. आज एका पोरामागे लाख रुपये कमावणाऱ्याला तो चहापाण्याचा खर्च आहे. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला ७ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अल महरा येमेनमध्ये आहे हे पत्रात लेखी आलेले आहे, असे सांगितल्यावर चहा तसाच राहिला.

पासपोर्ट मुलाकडेच होता, हे नशीब. एजंटाने दोनदा मागितला होता. लक्षात ठेवा, पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो तुमच्याकडे विश्वासाने दिलेला असतो. एजंट असो, ठेकेदार असो, परदेशातला शेठ असो, कुणालाही तो तारण म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार नाही.

पैशांपैकी १५ हजार दोन हप्त्यांत परत आले. उरलेल्या २५ हजारांसाठी तक्रार दिली आहे. पावती नसल्याने काम जड आहे. एकच बरे झाले, ४० पैकी १० हजार मुलाने मोबाईलवरून पाठवले होते, त्याची नोंद बँकेत सापडली. तेवढाच पुरावा.

मुलगा माझ्यावर दोन महिने रागावून होता. त्याच्याबरोबरचा एक दुसऱ्या वस्तीतला मुलगा गेला, आणि पहिल्या आठवड्यात त्याने समुद्रकिनाऱ्याचे फोटो पाठवले. ते फोटो बघून हा मला रस्त्यात भेटला तरी मान फिरवायचा. बाईही म्हणाल्या, "भाऊ, तुमचं बरोबरच असंल, पण त्याचा पोरगा तर पोचला." मला उत्तर सुचले नाही. फोटो सलालाचे होते. त्यानंतरचे फोटो आलेले नाहीत. त्याच्या घरच्यांना मी 'मदद' या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवून दिली आहे, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा मोफत क्रमांक दिला आहे. त्याचा ओमानचा व्हिसा संपला आहे एवढे आम्हाला ठाऊक. तो ओमानमध्ये आहे की सरहद्दीपलीकडे, हे घरात कुणालाच माहीत नाही. पासपोर्टची झेरॉक्सदेखील घरी ठेवलेली नव्हती.

आमच्या मुलाने या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे ठरवले आहे. गणिताला घाबरतो. बाई बचत गटाचा हप्ता भरतात, कानातले अजून सोडवायचे आहेत.

ज्यांच्या घरात कुणी परदेशी जायच्या तयारीत असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा विहारात यावे. कराराचा कागद, व्हिसा आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक घेऊन यावे, तो ई-मायग्रेट या सरकारी यादीत आहे की नाही ते आपण तिथेच मोबाईलवर पाहू. पासपोर्ट मूळ आणू नये, झेरॉक्स आणावी. आणि तिची आणखी एक प्रत घरच्या डब्यात ठेवून यावे.